चार-दहाचा फोन

२२ जानेवारी १९९७

परवा जमानत झाली. दोन महिने चार दिवस जिल्हा जेलमध्ये होतो. घरी आलो तेव्हा बायकोनं, सुमननं, आधी आंघोळीचं पाणी काढलं, मग बोलली. "बारीक झालात." बस, एवढंच.

ही वही बूथची आहे. लिहिलेली वही पोलीस थान्यात जप्त आहे, ही कोरी कपाटात राहिली होती. वेळ, नंबर, गाव असे रकाने आहेत, मी त्यांच्यावरून आडवा लिहितोय. बावीस वर्षं मिलमध्ये टाइमकीपर होतो. रोज काहीतरी लिहिल्याशिवाय हात शांत राहत नाही.

भानगड काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवतो. मिल बंद झाल्यावर मी घराच्या पुढच्या खोलीत एसटीडीचा बूथ टाकला. गल्लीत दुसरा फोन नाही, म्हणून सगळे आपल्या नातेवाइकांना माझाच नंबर द्यायचे. कोणाचा फोन आला की मी जाऊन निरोप सांगायचो. चौदा नोव्हेंबरला, दिवाळीनंतर चार दिवसांनी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नंदू गायकवाडसाठी फोन आला. मी निरोप दिला. त्याप्रमाणे नंदू सहा वाजता लालबाग राजवाड्याच्या मागे नदीकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच सापडला. डोक्यात लोखंडी नळीचे घाव होते.

नंदू आमच्याच मिलचा, साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. मिलच्या चाळी रिकाम्या करून तिथे कॉलनी काढायची आहे म्हणतात, आणि चाळवाल्यांनी हटू नये म्हणून नंदू सगळ्यात पुढे होता. हटवायला सुंदर पहलवानची माणसं रोज यायची, त्यातली बरीच आमच्याच मिलमधून गेलेली. पोलिसांचं म्हणणं, मी पहलवानच्या टोळीचा मददगार आहे. टोळीतल्या फरार माणसाला बूथवर बसवायचो, खबर द्यायचो, आणि निरोप देऊन नंदूला मरायला पाठवलं.

मी सरळ माणूस आहे. फोन आला, निरोप दिला.

२५ जानेवारी

आज वकील घरी आले, परेशजी. नवरात्र मंडळाच्या अध्यक्षांनी लावून दिलेत. फीसचं विचारलं तर हात जोडून म्हणाले, "मिलवाल्यांकडून फीस? पाप लागेल मला, टोकेकरजी." मराठी आपल्यासारखंच बोलतात, अर्धं हिंदी.

म्हणाले, "तुम्ही बस तीन शब्द पाठ करा. 'मला माहीत नाही.' पोस्टमनला चिठ्ठीत काय लिहिलंय ते माहीत असतं का? नसतं ना? हो गया."

किती साधी गोष्ट आहे. जेलमध्ये दोन महिने मला ही सुचली नाही.

मंजिरी तेवढ्यात कामावरून आली आणि त्यांना नमस्कारसुद्धा न करता आत गेली. नंतर मी रागावलो. एवढा मोठा वकील आपल्या घरी येतो, काही रीतभात? ती म्हणाली, "बाबा, मंडळाच्या मांडवावर पहलवानचा फोटो असतो, विसरलात?" म्हटलं, फोटो तर सगळ्यांचेच असतात.

२ फेब्रुवारी

काचेच्या केबिनला सील आहे. फोन, बिल छापायचं मशीन, सगळं थान्यात. भिंतीतून तारेचं टोक तेवढं बाहेर लोंबतंय. आज दुपारी पुढच्या खोलीत पडलो होतो, घंटी वाजली. उठून केबिनपर्यंत गेलो, हात पुढे केला. घड्याळात चार-दहा.

सुमनला विचारलं, बाजूला कोणाकडे फोन आला का? म्हणाली, "बाजूला फोन कुठाय?"

३ फेब्रुवारी

आज पण.

१९ फेब्रुवारी

परेशजींच्या ऑफिसात दोन तास. सगळं पहिल्यापासून विचारलं. म्हणाले, "निरोप हाच ना? 'लेबर कोर्टके साब लालबागके पीछे मिलेंगे, छह बजे, कागज लेके आना, अकेला आना.'"

म्हटलं, हो, शब्द न् शब्द हाच.

टेम्पोत बसल्यावर विचार आला, मी त्यांना शब्द कधी सांगितले? थान्यात मी फक्त 'लालबागला बोलावलं' एवढं लिहून दिलंय. सांगितले असतील. जेलमध्ये डोकं ठिकाणावर नव्हतं.

मग त्यांनी आवाजाबद्दल विचारलं. "मराठी माणसाचा होता का?"

"हिंदीत बोलत होता."

"हिंदीत तर मी पण बोलतो. पण मराठी माणूस हिंदी बोलला की कळतं ना? तसा होता का? घाई नाही. आरामात आठवा."

आठवतोय.

११ मार्च

मंजिरी डबा विसरली म्हणून सियागंजला गेलो. ती तिथे हार्डवेअरच्या एका पेढीवर टायपिंग करते. लोखंडवाल्यांच्या गल्लीत शिरलो आणि मागून आवाज आला, "ओ टाइमबाबू!"

मिल बंद झाल्यापासून मला टाइमबाबू कोणी म्हणत नाही. एक नंदूच म्हणायचा.

वळलो. हातठेले, पोती, स्कूटर. थोडं पुढे एक माणूस पाठमोरा चालला होता. उजवा खांदा उतरलेला, साच्यावाल्यांचा उतरतो तसा. मी त्याच्या मागे मसाल्याच्या दुकानांपर्यंत गेलो. तिथे तो दिसेना. मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि मी भर रस्त्यात शिंकत, डोळे पुसत उभा राहिलो. लोक बाजूनं जात होते. डबा परत घरी घेऊन आलो. मंजिरी दिवसभर उपाशी राहिली.

६ जून

कोर्टात पेशी होती. आरोप वाचले. आम्ही चार मुल्जिम, मी चौथा. पहिला विजय. हा आमच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होता, मिल गेल्यावर पहलवानकडे लागला. खुनानंतर बेटम्याच्या एका ढाब्यावर पकडला गेला. चौघांना एकाच बाकावर बसवलं. त्याचं कोपर सारखं माझ्या बरगडीला लागत होतं.

"कैसे हो बाबूजी? घरपे सब ठीक?"

म्हटलं, ठीक.

गुन्हा कबूल आहे का विचारलं, चौघं 'नाही' म्हणालो. माझं 'नाही' जज्जसाहेबांना ऐकू गेलं नाही, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

बाहेर पोह्यांच्या ठेल्यावर परेशजी आणि विजयचे वकील एकाच प्लेटमध्ये खात होते. परेशजींनी मला हात केला. वकिलांचं असंच असतं, आत भांडतात, बाहेर दोस्ती.

१७ सप्टेंबर

आज सुनीताची गवाही. नंदूची बायको. पांढरी साडी नव्हती नेसली, हिरवट रंगाची होती, मला वाटतं मिलच्याच कापडाची. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

सरकारी वकिलांनी विचारलं, नवरा घरून निघताना काय म्हणाला? म्हणाली, "टाइमबाबूंनी निरोप आणला, लेबर कोर्टाचे साहेब भेटणार आहेत. फाइल घेतली आणि गेले."

परेशजी उठले. "तुम्ही अडवलं नाही?"

"नाही. दोन वेळा त्यांना मारायला आले होते. तेव्हापासून ते पक्कं विचारल्याशिवाय कुठे जात नव्हते. म्हणून मी अडवलं नाही."

"पण त्या दिवशी तर गेले ना, न विचारता?"

सुनीता गप्प राहिली. जज्जसाहेबांनी दोनदा विचारलं, तरी गप्प. शेवटी त्यांनी स्टेनोला सांगितलं, लिहा, गवाहनं उत्तर दिलं नाही.

परेशजी खुश होते. मी चहाला न थांबता घरी आलो.

८ ऑक्टोबर

आता लवकरच माझं बयान होईल. परेशजींनी आज उत्तरं लिहून दिली. सगळी 'माहीत नाही', 'खोटं आहे'. एकच उत्तर लांब. आवाज कोणाचा वाटला? "आवाज मराठी माणसाचा होता. मला शंकररावांसारखा वाटला. चाळीच्या कमिटीत त्यांचं आणि नंदूचं भांडण चालू होतं."

शंकरराव युनियनचे जुने माणूस, सत्तरीचे. चाळ कमिटीचे अध्यक्ष. नंदूला त्यांनीच वर आणलं.

म्हटलं, भांडण तर नव्हतं.

परेशजी म्हणाले, "टोकेकरजी, मी म्हणतोय का की त्यांनी मारलं? तुम्ही बस 'वाटला' म्हणा. वाटण्यावर कोणाला फाशी होत नाही. पण शकचा फायदा चौघांना मिळतो."

चौघांना म्हणाले. मला वाटलं, चुकून म्हणाले असतील.

सकाळी आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. 'शंकररावांसारखा वाटला.' चौथ्या वेळेस खरंच तसा वाटला.

१० ऑक्टोबर

दूध आणायला निघालो तर समोरून शंकरराव. बाकी लोक आता रस्ता बदलतात, ते थांबले. "काय श्रीपाद, तब्येत?" आणि खोकले.

मी 'ठीक' म्हणालो आणि दूध न घेताच परत आलो.

त्यांचा आवाज मला माहीत आहे. टोकन नंबर अडतीस. आमची हजेरीची खिडकी छातीएवढ्या उंचीवर होती. आत बसलं की बाहेरच्या माणसाचं तोंड दिसायचं नाही. हात दिसायचा, हातात पितळेचं टोकन, आणि आवाज. "अडतीस, हाजिर." मग खोकला. बावीस वर्षं, तीन पाळ्या. कोणी दुसऱ्याचं टोकन टाकलं तर मी मान वर न करता हात पकडायचो. मॅनेजरसाहेब पाहुण्यांना दाखवायला आणायचे मला, बघा आमचा टाइमकीपर.

मला आवाज माहीत नाही, असं मी कोणत्या तोंडानं म्हणतोय?

१२ ऑक्टोबर

मंजिरीला तो उत्तरांचा कागद सापडला. वाचून तिनं टेबलावर ठेवला.

"बाबा, सियागंजमध्ये सगळ्यांना माहीत आहे. परेशजी पहलवानचे वकील आहेत. पंधरा वर्षांपासून. तुम्हाला वाचवायला नाही आलेत ते, तुम्हाला गप्प बसवायला आलेत. आणि आता शंकररावआजोबांना अडकवणार?"

मी म्हटलं, "तुला कायद्यातलं काय कळतं?" मग म्हटलं, "आवाज मी ओळखला नव्हता, देवाशपथ."

सुमन भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ओळखला होतात तुम्ही."

"तुला काय माहीत?"

"त्या दिवशी फोन ठेवला आणि चहा तसाच टाकून उठलात. पंचवीस वर्षांत चहा टाकलेला नाही कधी. परत आलात ते सरळ देवापाशी जाऊन बसलात. मी तेव्हाच समजले, काहीतरी वाईट ऐकलंय."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?"

 मंजिरी आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

लिहितो आता. विजयचा होता. फोल्डिंग, टोकन नंबर चारशे सतरा. 'स' म्हणताना त्याची जीभ दाताला लागते, साबचं थाब होतं. तिसऱ्या शब्दाला ओळखला.

आणखी एक लिहायचं राहिलंय. विजय त्या दसऱ्यापासून माझ्या बूथवर येऊन बसायचा. एका दुकानदाराला चाकू मारल्याच्या केसमध्ये तो फरार होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. येऊन बसला की उठ म्हणायची हिंमत नव्हती. पुढच्या चौकातल्या बूथची काच फोडली होती त्यांनी. माझी नाही फोडली. एक दिवस सहज म्हणाला, "बाबूजी, नंदू दिखता नहीं आजकल. कब घर पे रेता है?" मी सांगितलं. सकाळी साडेनऊला कमिटीत जातो, दीडला जेवायला येतो, तीन ते पाच घरी असतो. वेळा सांगणं माझं कामच होतं. विचारलं की तोंडातून आपोआप निघायचं.

फोन चारला आला, कारण चारला तो घरी असतो हे मी सांगितलं होतं.

३ नोव्हेंबर

परेशजींचं वकीलपत्र काढून घेतलं. ते रागावले नाहीत. "आपकी मर्जी" म्हणाले आणि दारापर्यंत सोडायला आले. त्याचीच जास्त भीती वाटली.

नवीन वकील मंजिरीनं शोधली. अनुश्री देव, कोर्टाच्या मोफत मदतीतून मिळाली. सत्तावीस वर्षांची आहे. मला काका म्हणते. सगळं ऐकून पेन खाली ठेवलं.

"काका, सरकारकडे आवाजाचा पुरावा नाही. तुम्ही गप्प राहिलात तर बहुतेक सुटाल. तुमच्याबरोबर तेही सुटतील. बोलायचं असेल तर एक रस्ता आहे. मुल्जिम स्वतः लेखी अर्ज देऊन शपथेवर गवाही देऊ शकतो. पण मग उलटतपासणी होईल. आणि तुम्ही जे सांगाल त्यानं तुम्ही पण अडकाल. मी तुमची वकील आहे, तुम्हाला वाचवणं माझं काम. म्हणून विचारते, पक्कं?"

म्हटलं, उद्या सांगतो.

२० नोव्हेंबर

उद्या-उद्या करत पंधरा दिवस गेले.

आज दुपारी एक माणूस आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला टिळा. सुमननं पाणी दिलं, ते घेतलं, धन्यवाद म्हणाला. बसून इकडचं-तिकडचं बोलला. गल्लीतल्या नाल्या, नगर निगम. उठताना म्हणाला, "बिटिया सियागंजसे साढ़े छहको छूटती है ना? फिर टेम्पोसे पाटनीपुरा, वहाँसे पैदल. सात-दस तक आ जाती है. अच्छी बच्ची है."

सात-दसच. मी रोज घड्याळ बघतो, एक मिनिट इकडे-तिकडे नाही.

तो गेल्यावर मी जमिनीवर बसलो. म्हणजे हे असं असतं. कोणीतरी, कोणाच्यातरी घरात बसून, पाणी पिऊन, तुमच्या माणसाच्या वेळा सांगतो. त्याचं काहीच जात नाही.

चार-दहाला घंटी वाजली. आज मी उठलो नाही. वाजू दिली. बराच वेळ वाजत होती.

संध्याकाळी मंजिरीला सांगितलं, सुमनसमोर. म्हटलं, मी गप्प बसतो, तू काळजी करू नकोस. मंजिरी रडली. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "मी मावशीकडे देवासला जाते. तिथे पण टायपिंग मिळतं. तुम्ही अर्ज द्या."

सुमन म्हणाली, "मी पण तेच म्हणते."

१ डिसेंबर

मंजिरी गेली. अर्ज दिला.

२९ जानेवारी १९९८

आज गवाही झाली. 

अनुश्रीनं विचारलं, मी सांगितलं. फोन विजयचा होता, विजय बूथवर बसायचा, नंदूच्या वेळा मीच सांगितल्या होत्या. तिघं मुल्जिम बाकावरून माझ्याकडे बघत होते. विजय हसत नव्हता.

मग त्याचे वकील उठले. आधी म्हणाले, मी सरकारला विकला गेलोय. मग म्हणाले, टेलिफोनच्या खरखरीत दोन वाक्यांवरून आवाज ओळखणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

म्हटलं, "साहेब, बावीस वर्षं मी तेच केलं."

"अच्छा? तो दिखाइए." त्यांनी जज्जसाहेबांना विचारलं. मागे मिलचे बरेच जुने लोक बसले होते. मला भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. ज्याच्याकडे वकील बोट दाखवतील त्यानं एकच शब्द बोलायचा.

भिंतीवर ओल होती. मी तिकडे बघत उभा राहिलो.

"हाजिर."

"रामसेवक, कातकाम खातं, एकशे बारा."

"हाजिर."

"कासिमभाई, रंगाई. नंबर आठवत नाही, पाचशेच्या वरचा."

"हाजिर." पाठोपाठ खोकला. कोणीतरी हसलं. "शंकरराव, अडतीस," म्हटलं. 

चौथा आवाज आला. मी थांबलो. पुन्हा म्हणायला सांगितलं. पुन्हा ऐकला. "हा मिलचा नाही," मी म्हणालो. तो कोर्टाचा चपराशी होता.

मागे गलका झाला. जज्जसाहेबांनी शांत केलं. मला वाटलं, झालं. मी वळलो. वकीलसाहेब पडलेले वाटत नव्हते. जवळ आले आणि अगदी हळू बोलले.

"मान गए बाबूजी. तो उस दिन चार बजके दस मिनटपे आपने विजयको पहचान लिया?"

"हो."

"विजय किसका आदमी है, पता था?"

"हो."

"नंदूको मारनेकी कोशिश हो चुकी है, पता था?"

"हो."

"फिर भी जाके संदेसा दिया?"

अनुश्री अडवायला उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली.  आता माझ्या कानांवर सगळ्यांचा विश्वास बसला होता.

"हो. दिला."

"क्यों?"

"तो पुन्हा येऊन माझ्याजवळ बसला असता, म्हणून. मला त्याची भीती वाटायची."

"नो मोर क्वेश्चन्स."

कठड्यातून उतरताना सुनीता समोर होती. आज तिनं पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

२ एप्रिल

फैसला झाला. विजय आणि बाकीचे दोघं, जन्मठेप. कटात माझा हात सिद्ध झाला नाही. फरार माणसाला आसरा आणि मदत दिल्याबद्दल मला तीन वर्षं. सुंदर पहलवानचं नाव त्या पूर्ण कागदात कुठेही नाही. चाळी अजून उभ्या आहेत, त्यांची केस वेगळी चालू आहे.

अनुश्री म्हणाली, "काका, अपील करू." म्हटलं, नको. ती रडायला लागली, मलाच तिला पाणी द्यावं लागलं.

सुमननं दोन पायजमे, स्वेटर आणि ही वही बांधून दिली.

१७ मे, जिल्हा जेल

इथे चार-दहाला काही वाजत नाही. पहिला आठवडा मी वाट पाहिली. आता पाहत नाही.

आज मुलाखतीचा दिवस होता. सुमन आली, तिच्या मागे सुनीता. मी सुमनकडे बघितलं, ती म्हणाली, "त्यांना यायचं होतं," आणि बाजूला झाली.

सुनीता जाळीला हात न लावता उभी राहिली.

"टोकेकर भाऊ, एकच विचारायचंय. कोर्टात कोणी विचारलं नाही."

"विचार."

"तुम्ही निरोप सांगितलात तेव्हा हे काय बोलले?"

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. अनुश्रीला नाही, सुमनला नाही. या वहीतसुद्धा नाही लिहिलं. वर्षभर त्याच्याच आजूबाजूनं लिहीत राहिलो.

"ओट्यावर बसून सायकलची चेन लावत होता," मी म्हणालो. "निरोप ऐकला, हात पुसले. मग म्हणाला, टाइमबाबू, आवाज कोणाचा होता? तुम्ही तर ओळखलाच असेल."

"मग?"

"मी म्हटलं, नाही ओळखला. कोर्टातलाच कोणी असेल."

"मग?"

"मग म्हणाला, तुम्ही नाही ओळखला म्हणजे मिलचा नसणार, मग काही धोका नाही. आणि आत गेला, फाइल घ्यायला."

सुनीतानं डोळे मिटले.  

"म्हणजे विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, न विचारता गेले. दीड वर्ष मी त्यांच्याशी भांडते आहे, रोज. फोटोशी. म्हटलं, इतकं सांगितलं होतं तुम्हाला, पोरं लहान आहेत, विचारल्याशिवाय जाऊ नका. तरी गेलात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "विचारलं होतं. म्हणजे त्यांची काही चूक नव्हती."

"नव्हती."

"बरं झालं सांगितलंत. आता त्यांच्याशी नाही भांडणार." ती जायला वळली, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "तो राग पण आता तुमच्यावर. तुम्हाला तर तसंही माफ करणार नव्हते."

म्हटलं, "नको करूस."

ती गेली. सुमन जाळीपाशी आली. मुलाखतीची सात मिनिटं उरली होती. तिनं मंजिरीचं पत्र काढलं आणि वाचून दाखवायला लागली.